तिसऱ्यांदा इंग्रजी बोलणाऱ्याची रवानगी

कॉनेमारा, आयर्लंड,
मे महिन्याच्या मध्यावर

चि. फेस्टी यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू आणि मुलं खुशाल असाल, भावजय तोरुनची पाठ आता बरी असेल आणि तुमच्या नॉर्वेतला बर्फ एकदाचा वितळला असेल, असं मी धरून चालते. आमचं विचारशील तर तुझ्या कोलीनदाजींचा गुडघा पाऊस येणार असला की दुखतो, म्हणजे रोजच दुखतो. बाकी सगळं ठीक चाललं होतं, तुझे सासरे येईपर्यंत.

माणूस पाठवताना थोडी पूर्वकल्पना द्यावी रे. तू कळवलंस, गुडब्रांड पंधरा दिवस येताहेत, साधा माणूस आहे, मासे आवडीने खातो. मासे खातो हे खरं निघालं. पण या बाबाने अख्खा हिवाळा आपली आयरिश शिकण्यात घालवला, ही बारीकशी गोष्ट तू गिळलीस. दारात बॅग टेकवली आणि आयरिशमध्ये म्हणाले, या घरावर देवाची कृपा असो. मी इंग्रजीत म्हटलं, या, बसा, प्रवास कसा झाला? ते आयरिशमध्ये म्हणाले, समुद्र बरा होता. मी इंग्रजीत विचारलं, चहा टाकू का? (घर आमचं, भाषा आमची, आणि ती बोलत होता पाहुणा.) तुला आपली सवय ठाऊकच आहे. परका माणूस उंबऱ्यात दिसला की आपली जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते. परक्यासमोर आपलं बोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, असं आईने आपल्याला बजावून ठेवलेलं. आता परकाच आत येऊन आपलं बोलायला लागला तर काय करायचं, हे मात्र ती सांगून गेली नाही.

आणि माणूस गप्प बसेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी बटाटे सोलता सोलता त्यांनी मला नॉर्वे समजावून सांगितला. तिकडे म्हणे भाषा लिहायच्या सरकारी तऱ्हाच दोन, आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. बोलायचं तर दर खोऱ्याचं वेगळं, आणि कुणी कुणासाठी आपलं बोलणं बदलत नाही. डॉक्टर त्याच्या गावचं बोलतो, रोगी त्याच्या गावचं बोलतो, आणि तरी रोगी बरा होतो (बहुतेक). मंत्री असो नाहीतर कोळी, आपलं सोडत नाही म्हणजे नाही. केवढा हा आडमुठेपणा. आपल्याकडे बघ, कशी शिस्त आहे. आपली भाषा राज्याची पहिली भाषा, घटनेतच तसं लिहिलंय. रस्त्याच्या पाट्यांवर ती आहे, पासपोर्टावर आहे, प्रत्येक मूल ती शाळेत वर्षानुवर्षं शिकतं आणि शाळा सुटली की काळजीपूर्वक विसरतं. इतका मान, की वापरून मळवायची नाही. त्यांची भाषा म्हणजे रोजची चप्पल. आपली म्हणजे कपाटातली चांगली कपबशी, आणि पाहुणा आला की नेमकी तीच आपण लपवतो.

आता मुख्य गोष्ट. जूनमध्ये डब्लिनची मुलं आपल्याकडे भाषा शिकायला राहतात, ते तुला आठवत असेल. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नियम तोच आहे: इंग्रजी बोलताना तिसऱ्यांदा सापडलं की घरी रवानगी. कितीतरी रडक्या पोरांच्या बॅगा मी स्वतः भरून दिल्या आहेत. पण मुलं ठेवायची परवानगी मिळते ती घर आयरिशमध्ये चालतं का, हे तपासून. ती गेली तर या घरात कोलीन, त्याचा गुडघा, मी आणि ओळीने रिकामे पलंग. मला त्या पोरांच्या गोंगाटावाचून उन्हाळा काढवणार नाही, हे सरळच सांगते.

यंदा तपासनीस ओ ग्रीफा आले ते ऐन जेवणाच्या वेळी. कोलीन आणि मी पाहुण्याला इंग्रजीत बांगडा वाढत होतो आणि पाहुणा आयरिशमध्ये मीठ मागत होता. ओ ग्रीफा दारात उभं राहून सगळं ऐकत होते. ते गंभीरपणे आयरिशमध्ये म्हणाले, साइव्हबाई, हे घर इंग्रजीत चालतं असं मला लिहावं लागेल. मी म्हटलं, साहेब, पाहुणे नॉर्वेचे आहेत हो. एवढं ऐकल्याबरोबर साहेबांचा चेहरा मवाळ झाला, आणि वळून त्यांनी पाहुण्याला विचारलं (इंग्रजीत, दुसरं काय), आमचा देश आवडला का?

सासरेबुवांनी काटा खाली ठेवला आणि आयरिशमध्ये म्हणाले, "एक."

साहेब हसले. हवा मानवली का, असं त्यांनी इंग्रजीतच विचारलं. "दोन." कोलीनने टेबलाखालून मला लाथ मारली, त्या दुखऱ्या पायाने. साहेब म्हणाले, माफ करा, तुम्ही मोजताय काय? तेही इंग्रजीतच. "तीन," म्हणून सासरेबुवा उठले, भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं, आणि साहेबांची बॅग उचलून त्यांच्या हातात दिली. वर म्हणाले, "जा बाळ, आई वाट बघत असेल."

मला वाटलं, संपलं सगळं. साहेब लालबुंद होऊन बॅगेकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली, खुर्ची ओढली, आयरिशमध्ये चहा मागितला आणि दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत. परवानगीचं मात्र लटकत ठेवून गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येऊन ऐकेन, म्हणाले.

तर असा हा तुझा साधा माणूस. मंगळवारी एकदाचे गेले. असा पाहुणा वैऱ्याच्या घरीही पाठवू नकोस, आमच्याकडे तर नाहीच नाही.

तुझी ताई,
साइव्ह

ता. क. सासरेबुवांना जूनच्या आधी परत पाठव. समुद्राकडची खोली झाडून ठेवली आहे. काल पोस्टमनला मी आपल्या भाषेत "बस" म्हटलं तर तो दचकला, पण बसला. एकटीने एवढंच जमतं. तपासणीला ते टेबलाशी हवेत.

ता. क. २. तू मुलांशी इंग्रजीत बोलतोस असं सासरेबुवांकडून कळलं. त्यांच्याबरोबर धाकट्या एलिफला पाठव. नियम भाच्यालाही लागू आहे.

ता. क. ३. माझ्या पत्रांना तू हल्ली इंग्रजीत उत्तरं देतोस. हे आपल्या भाषेतलं पत्र वाचायला जड गेलं, तर सासऱ्यांकडून वाचून घे. त्यांच्या कानावर जावं म्हणून तर त्यांच्याबद्दल एवढं सगळं लिहिलं.