हिरव्या तलवारीबद्दल

अहो,

आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले. डॉक्टरांनी पंधरा दिवस टीव्ही बंद सांगितलाय, तुमच्यासमोर.

मागच्या रविवारी मी पेपर तपासायला शाळेत गेले, तेव्हा टीव्ही झाकायच्या विणलेल्या कापडातला मोर दाराकडे बघत होता. परत आले तर भिंतीकडे. आई म्हणाल्या, "म्या न्हाई पाह्यलं बाई, नुसतं ऐकून राह्यले होते." मग मालिकेच्या भागात शेवटी जादूगाराची तलवार हिरवी झाली, हे त्यांना कसं कळलं? रंग ऐकू येत नाही. आणि टीव्हीचं बटण त्यांच्या खाटेपासून लांब आहे. घरात तेव्हा तुम्ही दोघंच होतात.

ती मालिका काही डोळा पणाला लावावा इतकी थोर नाही. बाण अर्धा मिनिट हवेत विचार करत थांबतो, तीन राज्यांना मिळून एकच गुहा आहे, आणि तलवारी आपटल्या की वाकतात. राणीचं काम करणारी बाई तेवढी बरी.

अँटेनाची वायर काढून सोबत नेतेय. शोधू नका. दहा वाजता आईंच्या डोळ्यात दोन थेंब घाला. घातले की नाही ते कळेल, बाटलीवर पेनाने खूण केलीय.

मी शेजारी मैमूनाआपांकडे आहे. आजचा भाग नीट बघून येते आणि जेवताना आईंना सगळा सांगते, रंगांसकट. राणी वाचते की नाही, हे तुम्हालाही तेव्हाच कळेल.

कुमुद