आर्मासकाकांचं शिसं आणि साइमीचं टंगस्टन

ती. ओस्करीमामा यांस टूरेचा नमस्कार.

तुम्ही आणि लेंपीमामी दोघंही खुशाल असाल असं धरून चालतो. थंडी ओसरली की मामींचा गुडघा हलका होतो असं आई म्हणत होती. लाहतीला बर्फ आमच्याआधी वितळतो, तेव्हा त्या एव्हाना बागेत हिंडू लागल्या असतील. आई बरी आहे. मीही बरा आहे, म्हणजे अंगाने बरा आहे. झोप लागत नाही, पण त्यावर औषध नको असं साइमी सांगते, आणि ती आरोग्य केंद्रात कामाला आहे. (साइमी कोण ते पुढे येतंच आहे. आईने तुम्हाला अजून काही सांगितलं नसेल, तर कृपा करून तिला हे पत्र फोनवर वाचून दाखवू नका.) हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण मी बोलताना क्रम चुकवतो, आणि या प्रकरणात क्रम चुकला तर माझ्याबद्दल भलताच समज होईल. म्हणून आधी कच्चं लिहिलं, मग शब्दकोश घेऊन तपासलं, आणि आता पक्कं लिहितो आहे.

साइमीशी माझं लग्न ठरलं आहे. म्हणजे आमचं दोघांचं ठरलं आहे. अंगठ्या आणून ठेवल्या आहेत, त्या सध्या माझ्या मोज्यांच्या खणात आहेत. साइमीच्या मते तिच्या वडिलांना विचारण्याचा प्रश्नच नाही, सांगून टाकायचं. मला मात्र त्यांचा होकार हवा होता. दर शनिवारी ज्या माणसाच्या सॉनात, त्याच्याच शेजारी, फळीवर बसायचं, तो मनातून मला परका समजत असेल तर ती वाफ मला सोसणार नाही. त्यांचं नाव आर्मास. मी त्यांना काका म्हणतो. ते मला काहीच म्हणत नाहीत. गेल्या वर्षभरात ते माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि पत्त्याला जागा उरेल.

तर हे आर्मासकाका बर्फावरच्या मासेमारीसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओततात. गोळी वाटाण्याएवढी, पोटात गळ बसवलेला. (तुम्ही मासे धरत नाही म्हणून सांगतो: तळ्याच्या बर्फाला छिद्र पाडायचं, गोळी आत सोडायची आणि तळाजवळ हलकेच नाचवायची. गोळी जड नसेल तर ती तळापर्यंत पोचेस्तोवर पर्च मासे दुसरीकडे निघून जातात.) गोळी निवली की काका ती पुढच्या दातांत धरून चावतात. शिसं मऊ, त्यावर खूण उठते. त्यांच्या वरच्या दाताचा एक कोपरा लहानपणीच उडालेला आहे, त्यामुळे ती खूण दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. बर्फावर कुणाला हरवलेली गोळी सापडली तर लोक खूण बघतात आणि काकांच्या पायरीवर ठेवून जातात. काही लोक त्या वेळी टोपी काढतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणि त्या घरात ज्याला जावई म्हणून यायचं असेल त्याने वसंतातल्या स्पर्धेत काकांच्या दातांखालून गेलेलीच गोळी लावायची, अशी रीत आहे. तसं कुणी बोलून दाखवत नाही. मला ते शेजारच्या रेयोने सांगितलं. रेयो गावातल्या सगळ्यांच्या वाटणीचं बोलतो. "तुझ्याआधी एक येऊन गेला," तो म्हणाला. "पोरगा चांगला होता. गाडी होती. दुकानातली चमचमती गोळी लावून बसला. आर्मास काही बोलला नाही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बोललाच नाही. पोरगा आता नॉर्वेत असतो."

मार्चमध्ये एका शनिवारी सॉनामधून बाहेर आल्यावर काकांनी माझ्या ओल्या तळहातावर एक गोळी ठेवली. "घे," म्हणाले. मामा, मी टॉवेलवर उभा होतो, गोळी ठेवायला खिसाही नव्हता.

साइमीला मी ती गोळी दाखवली तेव्हा तिने आधी मला हात धुवायला लावले. शिसं हे विष आहे, ते तुटून तळ्यात पडतं, बदकं ते खडे समजून गिळतात, आणि ज्या घरात ते चमच्यात वितळवून वर चावलं जातं त्या घरात आपण वाढलो याचा तिला रोज नव्याने धक्का बसतो, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तिने मला टंगस्टनची गोळी आणून दिली. आकार तोच, गळही तसाच. "हे लाव," म्हणाली. "बाबांना चालेल का?" असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाटाण्याएवढ्या दोन गोष्टींतली एक तुला निवडता येत नाही, टूरे. आपण घर कसं निवडणार?"

म्हणजे एका गोळीने बाप जात होता आणि दुसरीने मुलगी.

मी गोष्टी पारखून घेणारा माणूस आहे. तंत्रशाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली, पण धातूंचा धडा त्याआधी होऊन गेला होता. मी दोन्ही गोळ्या सॉनाच्या पाण्याच्या पिंपात सोडून पाहिल्या. शिसं डुलत डुलत गेलं, बाजारातून घरी परतणाऱ्या माणसासारखं. टंगस्टन गेलं ते दिसलंच नाही. बोटांतून सुटलं आणि तळाशी टक्क झालं, मधलं पाणी जणू नव्हतंच. मी पुन्हा सोडलं. मामा, आकार तोच, आणि वजन जवळजवळ दुप्पट. सोनंच काय ते त्याच्या बरोबरीचं. ते तळहातावर ठेवलं की हात खाली जातो आणि डोळे म्हणतात, यात इतकं काही नाहीये. एवढ्याशा जागेत एवढं जडपण कोंबून बसवणारा जो कुणी आहे त्याच्यासमोर उभं राहावं तसा मी त्या पिंपासमोर उभा राहिलो. शेवटी साइमीची आई बाहेरून विचारू लागली की आत कुणी बेशुद्ध पडलंय का.

मग मी निवड केली. म्हणजे दोन्ही निवडल्या. टंगस्टनला बिनचमकीच्या करड्या रंगाचा हात दिला, तो वाळल्यावर राखेने चोळला, आणि शेजारी काकांची गोळी ठेवून, भिंग लावून, त्यांच्या दातांची खूण त्यावर रंगवली. आधी ती कानशीने कोरायला गेलो होतो, पण टंगस्टनला काही झालं नाही आणि कानस मात्र गुळगुळीत झाली. उडालेला कोपरा मी तीनदा पुसून पुन्हा काढला. शेवटी जमला तेव्हा मला स्वतःलाच सांगता येईना की खरी कुठली. (वजनाने सांगता येत होतं.) पाणी, पक्षी आणि साइमी यांच्यासाठी आत टंगस्टन, काकांसाठी बाहेर शिसं, यात कुणाचं काही बिघडत नाही, असा माझा हिशेब होता.

स्पर्धा आमच्या गावाची आणि पलीकडच्या काठावरच्या गावाची. सगळे दोरीमागे गिरमिटं घेऊन उभे होते, शिट्टी व्हायची होती. वारा नव्हता. बर्फ इतका लांबवर पांढरा होता की समोरचं चर्च त्यात कुणी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. काका माझ्याजवळ आले, माझी गळाची काठी हातात घेतली आणि गोळी डोळ्यांजवळ नेली. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "खूण उथळ झालीये." आणि हे त्यांनी मायेने म्हटलं, मामा, हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. नुसत्या मायेने त्यांनी ती गोळी दातांत धरली आणि नवी खूण उठावी म्हणून नेहमीपेक्षा जोरात चावली.

आवाज मोठा नव्हता. पातळ बर्फावर पाय पडावा तेवढाच.

त्याच क्षणी शिट्टी झाली आणि सगळे पळाले. मी आणि काका उभे राहिलो. त्यांनी तोंडातून आधी गोळी काढली, मग दाताचा तुकडा, आणि दोन्ही हातमोज्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रंग खरवडला गेला होता, खाली चकाकत होतं. ते काही बोलले नाहीत. मला नॉर्वे दिसायला लागला. मग त्यांनी तुकडा खिशात टाकला, माझी काठी घेतली, स्वतःची माझ्या हातात दिली आणि चर्चसमोरच्या खोल पाण्याकडे चालू लागले.

मी त्यांच्या शिशावर एक मासा धरला, काटेरी आणि बोटाएवढा. तो मांजरही विचार करून खातं. माझं लक्ष काकांकडे होतं. ते छिद्र पाडत, गोळी सोडत, पुतळ्यासारखे बसत आणि उठून पुढच्या जागी जात. मासा लागला तरी तो काढून बाजूला टाकत आणि पुन्हा गोळी सोडत. गावाचा सगळ्यात मोठा मासेमार, ज्याच्या पिशवीतल्या माशांच्या वजनावर आमचा संघ दर वर्षी जिंकतो, तो त्या दिवशी मासे धरत नव्हता. रेयो माझ्याजवळून जाताना म्हणाला, "आर्मासला झालंय काय? डॉक्टरसारखा फिरतोय. छिद्रा-छिद्राची नाडी बघतोय." मी म्हटलं, मला माहीत नाही. "पलीकडचे जिंकतात बघ आज," तो म्हणाला, आणि ते जिंकलेच.

शेवटची शिट्टी व्हायच्या थोडं आधी काकांनी मला हात केला. मी गेलो. त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "ऐक," म्हणाले.

दोरा बोटावर होता. खाली, चर्चच्या मनोऱ्याएवढ्या अंधारात, गोळी टेकली आणि टक्क असं काहीतरी थेट माझ्या बोटाच्या पेरावर वाजलं. मी उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा टक्क.

"दगड आहे," काका म्हणाले. तुटलेल्या दाताच्या फटीतून वारा जात असल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "माझ्या बापाने मला सांगितलं इथं चिखल आहे. मी साइमीला सांगितलं चिखल आहे. शिसं मऊ, त्याला सगळं चिखलच वाटतं." मग त्यांनी बर्फावरून हात फिरवला, जिथे जिथे त्यांची छिद्रं होती तिथे. "तिथं वाळू आहे. तिथं लाकूड आहे, बुडलेलं. त्या काठाला नुसता खडक, पायऱ्यांसारखा उतरत जाणारा. सगळा जन्म मी यावर बसलोय."

आम्ही दोघं बसून राहिलो. मी एकदा टेकवायचो, ते एकदा टेकवायचे. शिट्टी झाली ती मला ऐकू आली नाही. त्यांनाही आली नसावी. एवढं बोलणं त्यांच्याकडून मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यातलं एकही वाक्य माझ्याबद्दल नव्हतं.

नंतर वाटाण्याच्या आमटीला सगळे जमले तेव्हा काका शेकोटीपाशी हरलेल्या संघाबरोबर बसले, गप्प. लोकांना ते नेहमीचेच गप्प वाटले. साइमीने मला कोपऱ्यात घेऊन काय झालं ते काढून घेतलं, आणि दातांची खूण रंगवली होती हे ऐकल्यावर तिला हसू आवरेना. तिला आमटीची वाटी खाली ठेवावी लागली. पण काकांचा होकार आहे की नाही, हे तिलाही सांगता आलं नाही. गोळी त्यांनी परत दिलेली नाही. अंगठ्या अजून मोज्यांतच आहेत.

इकडचं हे असं आहे. मामींना नमस्कार सांगा, गुडघ्याला जपायला सांगा, आणि तुमचं मनात येईल ते कळवा.

तुमचा भाचा,
टूरे

ता. क. १: हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही. मामा, तुम्ही दात आणि कवळ्या करता म्हणूनच हे पत्र. सोबतच्या काड्यापेटीत काकांची खरी, शिशाची गोळी कापसात ठेवली आहे. त्यावरचा ठसा स्पष्ट आहे. त्यावरून त्यांचा पुढचा दात करून द्याल का? कृपया उडालेल्या कोपऱ्यासकट करा, नाहीतर त्यांच्या पुढच्या गोळ्या कुणाच्या आहेत हे गावाला कळणार नाही.

ता. क. २: साइमीने वरचं वाचलं. ती म्हणते, मुद्दाम मोडका दात करून मागणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. आणि बाबा आता काही चावणार नाहीत, कारण शिशाचं भांडं त्यांनी काल स्वतःच शेडच्या मागे नेऊन ठेवलं आहे. तरी कोपऱ्याचं तुम्ही तुमच्या मताने ठरवा.

ता. क. ३: पाकीट बंद करण्याआधी काकांना सांगितलेलं बरं, म्हणून आत्ता त्यांच्याकडे जाऊन आलो. माझे मामा दात करतात, फार चांगले करतात, असं मी म्हणालो. ते कॉफी पीत होते. म्हणाले, "परक्या माणसाचा हात मी तोंडात घालू देत नाही." मी म्हटलं, परके नाहीत, माझे मामा आहेत. "तुझे मामा. माझे कोण?" मी खरं ते सांगितलं, की सध्या तरी कुणी नाहीत. त्यांनी कॉफी संपवली, पेल्यात बघितलं, आणखी ओतली, तीही संपवली. मग म्हणाले, "मग आधी सोयरीक करून घ्या. जूनच्या आत. उन्हाळ्यात मला भाकरी चावायची आहे."

तारीख साइमी बघते आहे. मामींना घेऊन नक्की या. दात बरोबर आणा, पण मामा, आम्ही चर्चमधून बाहेर पडेपर्यंत तो खिशातून काढू नका.