तीनशे बारा चित्रांपैकी

प्रिय धाकट्या,

या पत्रात खाडाखोड दिसेल. दुसरी प्रत करत बसले नाही, यावरूनच काय ते ओळख. आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आपल्या केंद्रातली स्कॅनची चित्रे बाहेरगावच्या तज्ज्ञांकडे कोणत्या व्यवस्थेने पाठवायची, याच्या करारावर मला उद्या सही करायची आहे. तीन कंपन्यांचे प्रस्ताव आले. मी सत्तावीस निकषांचा तक्ता केला: वेग, गुप्तता, अगदी तक्रार केल्यावर किती मिनिटांत माणूस बोलतो, इथपर्यंत. दोघांना पहिल्याच भेटीत निकालात काढले. एकाला स्वतःच्याच यंत्रणेविषयी धड दोन वाक्ये बोलता येईनात. तिसरी व्यवस्था महिनाभर चाचणीसाठी घेतली. चित्रे गेली की पडद्यावर हिरवी खूण उमटते, 'पोहोचले'. इतके नीटनेटके काम या इमारतीत माझ्याखेरीज कोणी करत नव्हते.

तुझी पद्धत वेगळी होती. प्रत्येक स्कॅन पाठवल्यावर तू पलीकडे फोन लावायचास आणि आल्यागेल्यासमोर मोठ्याने विचारायचास, "किती चित्रं उतरली तुमच्याकडे? मोजून सांगा, मी थांबतो." हे तपासणी केंद्र आहे, बटाट्याचे गोदाम नव्हे, असे मी तुला सगळ्यांदेखत सुनावले. त्यावर तू शांतपणे म्हणालास, "ताई, बटाटे कमी भरले तर निदान वजनात तरी कळतं." सगळे हसले. ते हसू मला सोसले नाही. दुसऱ्या दिवशी मी तो फोन बंद करवला. आठवड्याने तू केंद्र सोडून गेलास.

काल, केवळ माझी निवड अचूक आहे हे स्वतःला पटवण्यासाठी, चाचणीतल्या प्रत्येक स्कॅनची मोजणी पलीकडून मागवली. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस तंतोतंत जुळली. एकाची तीनशे बारा चित्रे पाठवली होती, पोहोचली दोनशे शहाण्णव. हिरवी खूण मात्र तिथेही होती. पाठवलेले सगळे पोहोचले का, हा निकष माझ्या तक्त्यात नव्हताच.

ते स्कॅन तुझे आहे. खोकला हटत नाही म्हणून तुझी बायको तुला इथे ओढून घेऊन आली होती आणि तू माझ्याकडे पाठ करून बसला होतास. घरच्या माणसाचे चित्र आपण वाचायचे नाही, या माझ्याच नियमाने मी ते बाहेर पाठवले. 'फुप्फुसे निर्दोष' हा अहवालही मीच तुम्हाला कळवला. न पोहोचलेली सोळा चित्रे फुप्फुसांच्या तळाची आहेत. आज सकाळी नियम मोडून ती पाहिली. उजवीकडे वाटाण्याएवढी छाया आहे. ती कसली, हे मी सांगू शकत नाही. माझी नजर आज विश्वास ठेवण्याजोगी नाही. तज्ज्ञ चार वाजता स्वतः येत आहेत. पत्र घेऊन आलेला माणूस गाडी घेऊन खाली थांबला आहे. माझ्याशी बोलू नकोस हवे तर, पण बायकोला सोबत घे आणि ये.

तुझीच, चुकलेली,
ताई