माझ्या नावाची काळी फीत

मी, आन्सेल्मो तिल्मान, वय एकसष्ट, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार हातुमेता, मौबिसेच्या वरचा डोंगर, पूर्व तिमोर, हे स्वतःच्या हाताने लिहितो. माझी बुद्धी शाबूत आहे. मूत्रपिंडे नाहीत. कोणाचाही दबाव नसताना लिहितो, असे म्हणण्याची रीत आहे. माझ्यावर दबाव पुष्कळ आहे, तो न जुमानता लिहितो.

देहाविषयी. बायकोच्या, रोझितेच्या, शेजारी मातीत पुरावे. वर फरशी, रेलिंग, पत्र्याचे छत काही नको. आमच्या देशात मेलेल्यांची घरे जिवंतांच्या घरांपेक्षा पक्की होत चालली आहेत. परदेशी राबणाऱ्या पोरांचा घाम सिमेंट होऊन स्मशानात जातो, आणि शाळेचे छप्पर मात्र गळतच राहते. माझ्यासाठी रेडा कापू नये. तो नांगराचा आहे, मार्तिन्योला द्यावा. अंत्ययात्रेला एखादा मंत्री आलाच, तर त्याला कॉफी द्यावी, बोलू देऊ नये.

घर आणि वरच्या उताराची कॉफी मुलगा मार्तिन्यो याला. मार्तिन्यो आज राजधानीत, दिलीच्या चौकात छत्रीखाली उभा राहून मोबाइलचे रिचार्ज विकतो. का, ते पुढे येईल. कॉफी सोलण्याचे यंत्र, दोन कोयते आणि ताडपत्री त्याचीच. सावलीची झाडे तोडू नयेत. माझा धाकटा भाऊ बोनिफासिओ याने कुंपणाकडची तीन तोडली, हे मी विसरलेलो नाही. विसरलो असे त्याने समजू नये.

पुस्तके शाळेला. वाळवी लागलेलीसुद्धा द्यावीत, इतिहास तसाच असतो.

कर्णा. स्वातंत्र्याच्या जनमताच्या वर्षी ट्रकच्या टपावर उभा राहून मी ज्यातून बोललो तो कर्णा आमच्या पक्षाच्या मौबिसे शाखेने नेला आणि परत केला नाही. तो मागून घ्यावा. जो तरुण भर सभेत विचारील, "वीस वर्षं देश आपल्या हातात आहे, तेल विकून झालं, रस्ते झाले, इमारती झाल्या, माझं काम कुठे आहे?" त्याला तो द्यावा. मुलगी असेल तर आधी.

आता ज्यासाठी कागद घेतला ते.

माझी मुलगी एर्मेलिंदा, घरात लिंदा, कृषी पदवीधर आहे. चार वर्षे तिने या देशातल्या प्रत्येक कचेरीत अर्ज दिला. शेवटी कोरियात कामाला जाण्यासाठी कोरियन भाषेची परीक्षा दिली आणि पास झाली. नोव्हेंबरच्या चार तारखेला तिचे विमान आहे. तिकडे समुद्रातले शेवाळ वाळवायच्या कारखान्यात काम. ज्या देशात तांदूळ आयात होतो, त्या देशाची कृषी पदवीधर दुसऱ्याचे शेवाळ वाळवायला जाणार. याची लाज तिला नको, सरकारला हवी.

मला तपासायला येणाऱ्या नर्सबाई म्हणतात, मी चार तारीख बहुधा पाहणार नाही.

आमच्या घरात मरण झाले की शब्दधारी, म्हणजे घराण्याची वचने तोंडपाठ असणारा माणूस, कबरीपाशी जवळच्यांच्या मनगटाला काळी फीत बांधतो. ती वर्षभर राहते. वर्षाने जेवण होते आणि घरातला वडीलधारा ती सोडतो. अंगावर काळे असताना समुद्र ओलांडायचा नाही. एका मरणाची गाठ एकदाच बांधायची, एकदाच सोडायची. आमचा शब्दधारी बोनिफासिओ आहे.

रोझिता गेली तेव्हा मार्तिन्योचे नाव त्याच कोरियाच्या यादीत होते. बोनिफासिओने कबरीपाशी त्याला गाठ बांधली. वर्ष संपेपर्यंत यादीची मुदत संपली. दुसऱ्या परीक्षेला त्याचे वय बसेना. म्हणून छत्री, म्हणून चौक.

काल बोनिफासिओ बाजारातून काळ्या कापडाचा तागा घेऊन आला. मी अजून श्वास घेतो आहे आणि माझ्या सुतकाचे कापड माझ्याच खुंटीला टांगलेले आहे.

रात्रभर विचार करून सकाळी लिंदाला विचारले, "मी लिहून ठेवलं की तू जायचंस, तर जाशील?"

ती म्हणाली, "बाबा, काकांनी कबरीपाशी गाठ बांधली तर मी काय करू? सगळ्या गावासमोर हात मागे घेऊ? नाही जमायचं मला." मग थोड्या वेळाने, "आणि तुम्हीच ना स्टेजवरून ओरडायचात, जाणारा प्रत्येक जण देशाचं एक दार बंद करून जातो म्हणून? आता काय झालं?"

"आजही तेच म्हणतो. पण त्या दाराला माझं प्रेत टेकवून ठेवणार नाही."

"हे पण भाषणच झालं, बाबा."

"मग झालं. बोनिफासिओला बोलाव. आणि नर्सबाईंना, चर्चच्या गास्पारला."

एवढे लिहून हात थांबवला होता. पुढचे दुपारी, ओसरीवर, साक्षीदारांसमोर घडल्यावर लिहितो आहे. हेही मृत्युपत्राचाच भाग समजावे.

मी बोनिफासिओला म्हणालो, "कापड आणलंयस ना? मग फाड एक पट्टी. लिंदाला बांध. माझ्या नावाची."

"दादा, तू जिवंत आहेस."

"तेवढंच तर कारण आहे. आज तू बांधायचीस, आज मी सोडायची. घरात वडीलधारा मी आहे. एक मरण, एक गाठ. नंतर तुला बांधता येणार नाही."

"जिवंतपणी स्वतःचं सुतक फेडायचं? लोक हसतील रे."

"हसू देत. माझ्या भाषणांना जांभया दिल्यात त्यांनी, आता जरा हसू देत."

"थट्टा नाही ही! पूर्वजांचा शब्द आहे. मोडला आणि तिकडे परक्या मुलखात पोर आजारी पडली, तर तू असशील का उत्तर द्यायला? मला द्यावं लागेल!" त्याचा आवाज चिरकला. तेव्हा मला कळले की तो हट्टाने नाही, भीतीने बोलतो आहे.

मी विचारले, "मार्तिन्यो शब्द पाळून कुठे उभा आहे, बोनिफासिओ?"

गास्पारने घसा खाकरला. लिंदाने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मला वाटले, मी हरलो.

मग बोनिफासिओ उठला. खुंटीवरचा तागा काढला, दाताने कड धरून पट्टी फाडली. लिंदाच्या मनगटाला बांधताना त्याने घराण्याची वचने म्हटली, सगळी, एकही न गाळता, माझ्या तोंडाकडे न बघता. स्वतःच्या मरणाची वचने मी शेवटपर्यंत ऐकली. माझ्या बोटांत आता जोर नाही, हे त्याला माहीत होते. गाठ त्याने इतकी सैल बांधली होती की मी टोक धरले आणि ती सुटली.

तरी जाहीर करतो की आन्सेल्मो तिल्मानचे सुतक आज फिटले. एर्मेलिंदाच्या हाताला माझ्या नावाने पुन्हा काळे बांधण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी तीन तारखेला मेलो तर तिने चार तारखेला जावे. परत ये, असे मी तिला लिहीत नाही. परत यावेसे वाटेल असा देश करणे हे तिच्या एकटीचे काम नव्हे. ज्यांना कर्णा मिळेल त्यांनी ते ओरडून सांगावे.

उरलेले काळे कापड शाळेला, फळ्यावरचा खडू पुसायला. माझा रेडिओ बोनिफासिओला. तीन झाडे माफ.

ठिकाण: हातुमेता. तारीख: १९ ऑक्टोबर.

सही: आन्सेल्मो तिल्मान

साक्षीदार:
ओलिंदा मेस्किता, नर्स
गास्पार माया, चर्चचे धर्मशिक्षक
बोनिफासिओ तिल्मान, भाऊ. गाठ मी बांधली. दादाने सोडली. मी पाहिलं.