कोणाला गृहीत धरले आहे?

प्रिय ठकू,

फोन हाताशी असताना आईला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं म्हणत तू हे पाकीट फोडशील. फोड, पण निवांत बसून वाच, आणि पाय खाली लोंबकळत ठेवू नकोस, सूज येते. परवा फोनवर आपलं सगळं बोलणं झालंच. डॉक्टरांनी दिलेली तारीख तू सांगितलीस, जावईबापूंनी माझं तिकीट काढल्याचं सांगितलंस, तीन महिन्यांचा सगळा बेत सांगितलास. किती खुशीत होतीस गं. मी बरं बरं म्हणत राहिले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसती बसून राहिले. तुझी तारीख आणि माझी शेवटची परीक्षा एकाच आठवड्यात येतायत. ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर म्हणालीस, पुढच्या वर्षी दे, परीक्षा काय पळून जातेय? त्यावरही मी बरं म्हणाले.

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लोकांच्या तक्रारी लिहून घेता घेता माझी नोकरी संपली आणि मी विद्यापीठात नाव घातलं, तेव्हा तुम्ही दोघं भावंडं पोट धरून हसला होतात. हसा बापडे. पण दोन विषय का घेतले हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. सांगते. माझ्या खिडकीवर बायका यायच्या, नळाला पाणी नाही म्हणून. मी तक्रार वर पाठवायची, आणि वरून दोनच उत्तरं यायची. एक, परवडत नाही. दुसरं, धोरणात बसत नाही. उभ्या जन्मात मी ही दोन वाक्यं खिडकीतून बाहेर देत बसले. प्रवेशाच्या वेळी तिथल्या कारकुनानं विचारलं, बाई, अर्थशास्त्र की सार्वजनिक धोरण? दोन्ही एकदम घेता येतात म्हणे, पण जड जातं. म्हटलं, द्या दोन्ही. निदान कळू दे तरी, आपण काय सांगत होतो लोकांना.

बाबांनी कौतुकानं जिन्यात सगळ्यांना सांगितलं, हिचं दोन मुख्य विषयांचं डबल मेजर चाललंय. तेव्हापासून खालच्या मजल्यावरचे फौजी काका मला दिसेल तिथे सलाम ठोकतात. हातात भाजीची पिशवी असते, तरी मी उलटा ठोकते. काय करणार!

दमायला होतं गं, खोटं कशाला बोलू. दोन विषय म्हणजे दोन इमारती. अर्थशास्त्र मैदानाच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. धोरण मैदानाच्या पलीकडे. एक तास संपला की पोरं धावत सुटतात, मी गुडघा धरून जिना उतरते आणि पोहोचते तोवर हजेरी उरकलेली असते. बरं, दोन्हीकडे आपण परकेच. अर्थशास्त्रवाले म्हणतात, धोरणवाल्यांच्या नुसत्या गप्पा. धोरणवाले म्हणतात, अर्थशास्त्रवाल्यांना माणूसच दिसत नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशातली गत. वर्गातल्या पोरी मला आधी काकू म्हणायच्या, आता वयानं सगळ्यांत मोठी म्हणून अध्यक्ष म्हणतात. माझ्या शेजारी बसते तिला सगळे चिमणी म्हणतात, तुझ्यापेक्षाही लहान आहे. आलेख काढताना माझ्या रेषा थरथरतात म्हणून ती काढून देते, आणि तिचे निबंध मी शुद्ध करून देते. रोज घरी आल्यावर वाटतं, पुरे झालं. पुस्तक छातीवर ठेवून पडते, आणि बाबा येऊन चष्मा काढून ठेवतात.

मागच्या चाचणीची गंमत तुला सांगायची राहिली. अर्थशास्त्राच्या सरांनी एका कुटुंबाचं गणित दिलं होतं. नवरा-बायको दोघंही कमावतात, घरात मूल येतं, आता कोणी किती वेळ बाहेर काम करायचं. प्रश्न होता, या गणितात काय गृहीत धरले आहे? चष्म्याची काच खराब असेल किंवा माझं डोकं, मी वाचलं, कोणाला गृहीत धरले आहे? वाचलं आणि हात थांबेना. लिहिलं, आजीला. गणितात दोघं कामावर जातात, मूल कुठेच जात नाही, रडत नाही, दूध मागत नाही. म्हणजे घरात कोणीतरी आहे, जिचं नाव गणितात नाही. पाठपोट लिहून काढलं. सरांनी शून्य दिलं आणि खाली लाल शाईत लिहिलं, प्रश्न नीट वाचा. त्यांचं काही चुकलं नाही हो, प्रश्न तो नव्हताच. चिमणी मात्र हसून हसून बेजार. तिनं तो कागद नेऊन धोरणाच्या मॅडमना दाखवला. मॅडमनी तो वर्गात वाचला आणि मला म्हणाल्या, शेवटच्या वर्षाचं प्रकल्पकाम यावरच करा.

तेच करते आहे तेव्हापासून. कारखान्यात आणि दवाखान्यात पाळीनं काम करणाऱ्या बायका आपली तान्ही मुलं कोणाकडे ठेवतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. दार उघडतं ती बहुतेक माझ्याच वयाची असते, काखेत नातवंड. मी विचारते, तुम्हाला कोणी विचारलं होतं का, सांभाळाल का म्हणून? एक म्हणाली, विचारायचं काय त्यात, मी आहेच की. तिची कंबर धरली होती, बाळाला खाली ठेवताना भिंतीला टेकून वाकत होती. नातवंडावर जीव होता तिचा, ओवाळून टाकत होती. आणि थकलीही होती. दोन्ही खरं होतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मला रडू फुटलं. चिमणीला वाटलं, गुडघा दुखतोय.

हे काम परीक्षेच्याच आठवड्यात सगळ्यांसमोर उभं राहून मांडायचं आहे. पालिकेतले दोन अधिकारीही ऐकायला येणार आहेत. नाही मांडलं तर दोन्ही विषय अडकतात, वर्ष पुन्हा करावं लागतं. चिमणीला मी तुझी बातमी सांगितली, तारीख सांगितली, तर ती म्हणाली, म्हणजे अध्यक्ष, आजीवरचा प्रकल्प पुन्हा आजी झाल्यामुळे बुडणार? मला हसू आलं नाही. पुढच्या वर्षी मी पुन्हा ते जिने चढीन, असं मला वाटत नाही ठकू. एकदा थांबले की मी थांबेन. स्वतःला ओळखते मी.

तू काय म्हणशील तेही माहीत आहे. दादाच्या दोन्ही वेळी गेलीस, आणि माझ्या वेळी? खरं आहे. वहिनीला आई नाही, मी गेले. त्याआधी तुझ्या आजीचं अंथरूण होतं, त्याआधी आजोबांचं. कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही की मला कंटाळा येतो. येतो गं कंटाळा. माणसांवर माया असली तरी येतो. अभ्यासानं तू एवढी दमतेस आई, असं तू म्हणतेस, पण अभ्यासानं दमते तेव्हा मला गाढ झोप लागते. बाकीच्या दमण्यानं मी नुसती जागी असायचे.

बाबांचं सांगते. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते नुसते पेपर वाचत होते. माझे तास सुरू झाले आणि एक दिवस मी घरी आले तर पातेलं करपलेलं, घरभर धूर, आणि हे खिडकीत उभे राहून टॉवेलनं वारा घालतायत. आता दोन वेळचं नीट करतात. मीठ जास्त पडतं, सांगितलं तर रुसतात. गेल्या महिन्यात शेजारणीचं बाळ त्यांच्या खांद्यावर दुपारभर झोपलं होतं. मान अवघडली तरी हलले नाहीत. तू झालीस तेव्हा ते कामावर होते, त्यांनी तुला असं कधी धरलंच नाही. ते त्यांना आत्ता आठवतं, मग खिडकीशी जाऊन उभे राहतात. काल मी त्यांना विचारलं, ठकूकडे तुम्ही जाल का? हो, विचारलं, आपलं ठरवून टाकलं नाही. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, मला अंघोळ घालता येत नाही एवढ्याशा जिवाला. मी म्हटलं, मलाही येत नव्हती. आज सकाळी बघते तर त्यांनी कपाटातून बॅग काढून पुसून ठेवली होती.

म्हणून हे पत्र. ठकू, मी तीन महिने येणार नाही. बाबा येतील. परीक्षा संपली की मी येईन, आठ दिवस, बाळाला मांडीवर घ्यायला आणि तुझ्याजवळ झोपायला. तू घाबरली आहेस हे मला कळतं, तुझ्या आवाजात होतं ते, आणि त्या वेळी मी तिथे नसेन याचं मला फार वाईट वाटतं. हे फोनवरच का नाही सांगितलं म्हणशील. मला सांगता येत नाही. आजवर कुणालाच नाही म्हणता आलं नाही मला. आता पत्र मिळालं की तू फोन करशील. आधी रागावशील, मग रडशील. आणि तू रडलीस की मी येते म्हणेन, पुढच्या वर्षी देते परीक्षा म्हणेन, अगदी मनापासून म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नकोस, बाळा. मला येऊ देऊ नकोस.

कितीही रागावलीस तरी तुझीच,
आई