अव्वाचा डबा आणि पातळ रक्त

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून तुला एक अक्षर लिहिलं नाही, तुझ्यावरचा राग जात नव्हता म्हणून. आज लिहितेय, कारण आज माझ्या पायाची सोनोग्राफी झाली आणि पोटरीतली रक्ताची गाठ विरघळलीय. तुला झाली होती तशीच गाठ गं! आजारातसुद्धा तुझाच नंबर आधी, मी तुझ्या मागून.

तुझी गाठ फुप्फुसात गेली आणि तू गेलीस. माझी विरघळली. इथं तरी मी जिंकले म्हणावं, तर तेही म्हणवत नाही.

गोळीनं गाठ विरघळवली ना, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, गोळी काही विरघळवत नाही. गाठीत धाग्यांचं जाळं असतं. शरीर एकीकडून ते विणतं आणि दुसरीकडून उसवतंही. गोळी फक्त विणणाऱ्याचा हात धरते, मग उसवणाऱ्याला सवड मिळते. आणि रक्त पातळ होणं म्हणतात ना, तसं ते पाण्यासारखं पातळ होतच नाही म्हणे!

या 'पातळ' शब्दानंच आपल्या घरात घोळ घातला. तुला रक्त पातळ करायची गोळी चालू झाली, एवढंच आपल्या आईच्या कानावर गेलं. आमटी पातळ झाली की पीठ लावणारी आपली अव्वा! तिचा मला फोन आला, "रगत पातळ करत्यात व्हय? मग लेकराच्या अंगात ऱ्हाईल काय? मी पालेभाजी धाडते, रगत दाट हुतंय."

आणि गावाहून, वळसंगहून, एसटीनं रोज तुझा डबा सुरू झाला. मेथी, पालक, चाकवत. एवढी पालेभाजी तू जन्मात खाल्ली नसशील. माझं शिवणाचं दुकान स्टँडजवळ, म्हणून डबा उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं. उतरवायचे मी, पोचवायचे मी, खायचीस तू! माझ्या बाळंतपणात असा डबा आला होता का कधी? तो गरम डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात बसायचे आणि जळायचे. खरंच जळायचे.

माझी गाठ निघाली तेव्हा काय खायचं, काय नाही, ते विचारताना तुझ्या गोळीचाही विषय निघाला. ती जुन्या प्रकारची होती. पालेभाजी एकदम वाढली की तिचा जोर कमी होतो, म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. तू कुठली तपासायला जातेस! भाजीमुळंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असंही बाई म्हणाल्या. माझी गोळी वेगळी आहे, मला सगळं चालतं.

तुला हे कुणी सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं, आणि अव्वाच्या हातची म्हणून तू खात राहिलीस? तसं असेल तर मला त्याचाही हेवा वाटतो.

आता डबा मला येतो. लहानपणापासून जे हवं होतं ते मिळालं बघ! पण झाकण उघडायच्या आत फोन येतो, अक्काला आवडायची तशी केलीया म्हणून. मी खाते. काय करू?

परवा अव्वा इथं आली होती. माझ्या पायावरून हात फिरवत बसली होती. मधेच म्हणाली, "तिला माजी भाजी कमी पडली काय गं? अजून धाडाय पायजे हुती."

अक्का, सगळं माझ्या ओठावर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तुझं नाव घेणंही तिला जड झालं असतं. मग उरले असते मी एकटी. किती वर्षं मला तेच हवं होतं, तुला माहीत आहे.

मी म्हणाले, "न्हाय अव्वा. भरपूर धाडलीस तू. पोटभर खाल्ली तिनं."

ती रडली. मग डोळे पुसून तिनं माझ्याकडं पाणी मागितलं, तुझ्या नावानं हाक मारून. मी दिलं.

तुला शब्द देते, ती आहे तोवर हे तिला कळणार नाही. तुला आपल्या हातचं खाऊ घातलं, एवढंच तिच्यापाशी राहू दे. पण माझा मत्सर मात्र सोडणार नाही मी. तो सोडला तर तुझ्याशी भांडायचं कशावरून?

तुझ्या मागची,
मंगल