पाचव्या शीलाला गप्प

३ जानेवारी, शुक्रवार

"दूध उतू जातंय, बघा." आज एवढंच बोलले आणि तेवढंही महागात पडलं. डाव्या गालात वीज शिरली ती कानामागून निघाली. दूध गेलं, पातेलं करपलं, मी ओट्याला धरून उभी. आणि अण्णा — माझे सासरे, एसटीचे निवृत्त कंडक्टर, आमच्या विहाराचे स्वयंघोषित रखवालदार — स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, "लक्ष कुटं असतं तुजं?"

लक्ष गालात असतं, अण्णा! पण हे सांगायलाही तोंड लागतं. म्हणून हे लिहिणं. बोलता येत नाही तर कागदावर भांडेन.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस आहे, दातांचा काही संबंध नाही. हे कळेपर्यंत माझे दोन चांगले दात उपटून झाले होते. मग गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी भिंत धरून चालायची वेळ आली, वर अंगभर पुरळ. गोळ्या बंद. आता म्हणतात, "ऑपरेशन करून टाका." करून टाका! जसं काही घराला रंग द्यायचाय.

पंधरा फेब्रुवारीला रजा संपते. मी आठवीला मराठी शिकवते. मुकी बाई वर्गात उभी करून काय करतील? मला माझा आवाज परत हवाय. बाकी काही नको.

५ जानेवारी, रविवार

सायलीचा पुण्याहून फोन. नर्सिंगला गेल्यापासून ती माझी आई झालीय. "आई, आयुर्वेदाचे डॉक्टर असतात, व्हिडिओवर तपासतात. विजयाचं तेल लिहून देतात. चिठ्ठी असली की कायदेशीर असतं."

विजया म्हणजे काय, मी मेसेज केला. उत्तर आलं — "भांगेचं झाड. गांजाचंच. पण औषध आहे गं."

मोबाईल पालथा ठेवला. या घरात? अण्णांनी आमच्या लग्नात सोड्याची बाटलीसुद्धा मांडवात येऊ दिली नव्हती. त्यांचे वडील हातभट्टी पिऊन बांधावर मेले. म्हणून अण्णांनी वस्तीतल्या बायका गोळा केल्या आणि दारूची भट्टी फोडली. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. सुरुवातीला एकच भट्टी होती. आता तीन झाल्यात.

६ जानेवारी, सोमवार

जेवताना वीज. घास ताटात पडला. अण्णांनी तोंड फिरवलं. सायलीला लिहिलं — लाव नंबर.

९ जानेवारी, गुरुवार

झाली तपासणी. तपासणी कसली, परीक्षा!

घरात रेंज नाही म्हणून गच्चीवर गेले. गच्चीवर वारा. स्कार्फ गुंडाळून टाकीच्या आडोशाला बसले, तर पडद्यावर एक कोवळा मुलगा. डॉ. अनीश. मागे कपाटात हारीनं पुस्तकं, एकाचीही घडी मोडलेली नाही. "हॅलो मॅम, चेहरा दिसत नाही, स्कार्फ काढता का?" काढला. वारा लागला. मी कळवळले. त्यावर म्हणतो, "हां, दिसलं, दिसलं." चला, दुखणं दिसलं एकदाचं.

मी शहाणपणानं पाटीवर सगळं लिहून ठेवलं होतं — कधीपासून, कुठे, काय काय घेऊन झालं. पाटी कॅमेऱ्यापुढे धरली. उन्हानं चमकली, त्याला काही वाचता येईना. सायली दुसरीकडून जोडली गेली होती. ती सांगायला लागली तर तो म्हणाला, "सॉरी, संमती पेशंटनं स्वतः बोलून द्यायला हवी. नाव, वय आणि 'मला मान्य आहे'."

बोलता येत नाही म्हणून औषध हवंय आणि औषधासाठी आधी बोलून दाखवायचं! कुणाच्या डोक्यातून निघतात असले नियम?

बोलले. नावाला वीज नाही आली. वयाला आली. 'मान्य'च्या वेळी रेंज गेली. "मॅम, परत एकदा?"

परत एकदा बोलले. रडतच बोलले. त्यानं मात्र घाई केली नाही. एवढं एक त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. मग नगरचे रिपोर्ट उघडून बघितले, नीट विचारलं, गोळ्यांची नावं लिहून घेतली. "जादू नाही होणार मॅम. थोडा फरक पडला तरी पडला म्हणायचं." संध्याकाळी चिठ्ठी मोबाईलवर आली.

नितीनला दाखवली. माझा नवरा पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. जळालेल्या मोटारीशी तासन्‌तास बोलतो, माझ्याशी दोन वाक्यं. चिठ्ठी वाचून म्हणाला, "अण्णांस्नी काय सांगायचं?" माझ्या गालाचं नाही विचारलं.

१३ जानेवारी, पौष पौर्णिमा

विहारात वंदना. नेहमीसारखं अण्णा पुढे, त्यांनी एकेक शील म्हणायचं, आम्ही मागून म्हणायचं. आम्ही सगळे सतरंजीवर आणि हे खुर्चीवर. गेल्या दिवाळीपासून खुर्ची लागते. म्हणे गुडघे. म्हणे दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी किडनीपायी बंद केल्यात. गुडघे कुणाला नसतात? वरून सगळ्यांवर नजर ठेवता येते, ते खरं.

पाचव्या शीलाला अण्णांचा आवाज नेहमी चढतो. नशा आणणारं काही घेणार नाही, ही त्यांची हुकमाची जागा. मी नुसते ओठ हलवले.

१६ जानेवारी, गुरुवार

पार्सल अण्णांच्याच हातात पडलं! मी आंघोळीला, कुरिअरवाला दारात. तीस वर्षं तिकिटं वाचलेला माणूस, पाकिटावरचं एक अक्षर सोडेल होय? बाहेर आले तर बाटली टेबलावर, चष्मा नाकावर, पानाच्या चित्रावर बोट.

"ह्ये काय हाय?"

मी मोबाईलवरची चिठ्ठी पुढे धरली. सावकाश वाचली, डॉक्टरच्या नंबरासकट. मला वाटलं, आता बाटली नालीत.

"औषद म्हनून घे. म्या अडवनार न्हाई. पर एक सांगतो. विहारात पाचव्या शीलाला गप बसायचं. घ्यायचं बी आन म्हनायचं बी, ही लबाडी माज्यापुढं चालनार न्हाई."

डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध, आणि मी लबाड. बाटली त्यांच्यासमोरच फ्रिजच्या वर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. लपवायला मी काय चोरी केलीय?

पहिले थेंब जिभेखाली धरले. ओल्या कडब्याची चव. तासाभरानं नुसती झोप आली.

१९ जानेवारी, रविवार

विहारात चार शीलांना ओठ हलवले, पाचव्याला मिटले. अण्णा माझ्याकडेच बघत होते, तिकीट न काढलेल्या माणसाकडे बघावं तसं.

बायडाबाई शेजारीच बसली होती. तिच्या तोंडून गोष्ट निघाली की मिरजगावच्या बाजारात पोहोचतेच. बाहेर पडता पडता, "काय गं सीमे, पाचवं न्हाई म्हनलीस?" मी गाल दाखवला. "आगं, मग चार कशी म्हनलीस?"

संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं — मास्तरीणबाई बाटली घ्यायला लागल्या. अण्णांनी तोंड उघडून कुणाला काही सांगितलं नाही हे खरं. पण मला गप्प बसवलं तर त्यांनीच ना? मला त्यांचा राग येतो. मनापासून येतो. पुन्हा विहारात जाऊ नये असं वाटतं, आणि नाही गेले तर ते जिंकले असं होईल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज भाकरी खाल्ली. दुधात कुस्करलेली नाही, चावून. अर्धीच, उजव्या बाजूनं. बरी झाले असं नाही. वीज येते, पण उंबऱ्यावर थांबते, आत येत नाही. ताटावरच रडले. नितीन घाबरला, "दुखतंय का?" मान हलवली, नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला शाळेत गेले. माझा वर्ग उभा राहिला. "बसा," म्हणाले. एकच शब्द! काही झालं नाही. मुलं बसली.

२ फेब्रुवारी, रविवार

बाटली फार खाली गेलीय. मी थेंब मोजून घेते. मग?

नितीन. दुसरं कोण? मोटारी उचलून त्याची पाठ धरलेली असते. बाटली समोर ठेवून विचारलं, तोंडानं. आता तेवढं बोलता येतं आणि पहिलं भांडण त्याच्याच वाट्याला. "माझं औषध पाठीला घेतोस?"

"सीमा, म्या हात बी लावला न्हाई."

"मग काय मांजर प्यायलं?"

अण्णा बाहेर पेपर वाचत होते. आत आले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. एरवी नितीनला मी हाक मारली तरी मध्ये पडणारे! नितीन न जेवता दुकानात गेला. जाऊ दे. खोटं बोलायला लाज वाटायला हवी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉ. अनीशशी पुन्हा व्हिडिओ. या वेळी सगळं मीच बोलले, स्कार्फ न काढता. तो खूष. मग बाटली दाखवा म्हणाला. दाखवली. खूष चेहरा गेला. "मॅम, डोस स्वतःहून वाढवलात का?"

नाही म्हणाले. "घरात आणखी कुणी घेतं का? प्रत्येकाला चालतंच असं नाही, बाकीची औषधं बघावी लागतात." नाही म्हणाले. नवरा चोर आहे हे या पोराला कशाला सांगू? "मग मला हिशेब लागत नाही. वेळेआधी दुसरी बाटली लिहून देता येणार नाही."

म्हणजे घरात गांजेकस, बाहेर खोटारडी. आणि उरलेलं पंधरा तारखेपर्यंतही पुरणार नाही. ज्या दिवशी वर्गावर जायचं त्याच दिवशी बाटली रिकामी! नितीनशी बोलणं बंद केलंय. पूर्वी बोलता येत नव्हतं म्हणून, आता बोलायचं नाही म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णांनी आज दारापुढच्या ओट्यावर उकिडवं बसून दाढी केली. आणि कशालाही न धरता उठले! बघा. गुडघ्यांचं सगळं नाटक होतं. मला आधीच ठाऊक होतं.

१२ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

विहारात अण्णांची खुर्ची नव्हती. भिंतीला लावून ठेवली होती. अण्णा सतरंजीवर, मांडी घालून.

चार शीलं म्हणून झाली. पाचवं आलं आणि अण्णा थांबले. सगळे वाट बघत राहिले. ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते. मग एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

शेवटी बायडाबाईनं सुरुवात केली आणि सगळ्यांनी मागून म्हटलं. आम्ही दोघंच गप्प बसलो.